पिकअप ट्रक घेण्यापूर्वी : मायलेज आणि टिकाऊपणा यांचा हिशेब कसा मांडावा

पिकअप ट्रक घ्यायला निघालेल्या माणसासमोर मायलेजचा आकडा आपोआप येतो, कारण तो नव्या गाडीच्या काचेवर छापून लावलेला असतो. तीच गाडी दीड लाख मैल, म्हणजे सुमारे २ लाख ४० हजार किलोमीटर चालल्यावर कोणत्या अवस्थेत असेल, हे सांगणारे लेबल मात्र कोणी लावत नाही, आणि म्हणून पहिल्यांदाच पिकअप घेणारे बरेच जण समोर दिसणाऱ्या आकड्यावर निर्णय घेऊन मोकळे होतात. हा लेख अशा नवख्या खरेदीदारांसाठी आहे. मोठ्या पिकअपची मुख्य बाजारपेठ अमेरिका असल्यामुळे यातील उदाहरणे आणि एककेही तिथलीच घेतली आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्यायला हवी. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने प्रत्येक कंपनीच्या एकूण विक्रीला सरासरी मायलेजचे बंधन घातले. त्यामुळे गॅलनमागे (एक गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर) एका मैलाची वाढदेखील कंपनीच्या दृष्टीने फार मोलाची ठरत आली, कारण ती लाखो गाड्यांवर मोजली जाते. मालक मात्र ती वाढ एकाच गाडीवर मोजतो, आणि ती मिळवून देणारा भाग वॉरंटी संपल्यावर निकामी झाला तर दुरुस्तीचे पैसेही तोच भरतो. मायलेज वाढवणारी सगळी तंत्रे वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. काही तंत्रे मालकाला भरपूर देतात आणि फारसा त्रास देत नाहीत; काही मात्र अगदी थोडे देऊन मोठा खर्च अंगावर आणतात. म्हणून प्रत्येक तंत्राला दोनच प्रश्न विचारावेत: यामुळे माझे वर्षाला किती इंधन वाचते, आणि हे बिघडले तर काय काय उघडावे लागते?

पहिली पायरी : स्वतःचा वापर कागदावर मांडा

वर्षाला अंदाजे किती मैल गाडी चालणार, त्यांपैकी इंजिन पुरते तापायच्या आत संपणाऱ्या छोट्या फेऱ्या किती, ट्रेलर किती वेळा आणि किती वजनाचा ओढायचा, आणि गाडी किती वर्षे ठेवायची, हे चार मुद्दे आधी लिहून काढा. यांतला शेवटचा मुद्दा सर्वांत निर्णायक आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांची इंजिन-गिअरबॉक्सवरील वॉरंटी नेहमीच्या हिशेबाने ५ वर्षे किंवा ६० हजार मैल, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तिथपर्यंत असते. चार वर्षांनी गाडी विकणाऱ्याला पुढच्या दुरुस्त्यांची चिंता जवळपास नसते. बारा वर्षे ठेवणाऱ्याने मात्र सात वर्षे स्वतःच्या जबाबदारीवर काढायची असतात, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

दुसरी पायरी : मायलेजचे रूपांतर गॅलनमध्ये करा

गॅलनमागे किती मैल, हा आकडा फसवा आहे. १४ वरून १९ वर जाणे आणि ३० वरून ३५ वर जाणे ही दोन्ही पाच मैलांचीच वाढ दिसते, पण वर्षाला १५ हजार मैल धरले तर पहिल्या उदाहरणात सुमारे २८२ गॅलन वाचतात आणि दुसऱ्यात जेमतेम ७१. हिशेब सोपा आहे: वर्षाचे मैल भागिले मायलेज, म्हणजे वर्षाचे गॅलन. दोन गाड्यांसाठी तो वेगवेगळा करून वजाबाकी करा आणि आपल्याकडच्या इंधनाच्या दराने गुणा.

टोयोटा टुंड्राचे उदाहरण घेऊ. २०२१ पर्यंतच्या ५.७ लिटर व्ही-८ (आठ सिलिंडरांच्या) इंजिनाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह टुंड्राचे सरकारी एकत्रित मायलेज, म्हणजे शहर आणि महामार्ग मिळून, गॅलनमागे १४ मैल होते. २०२२ च्या मॉडेलपासून आलेल्या ३.४ लिटर ट्विन-टर्बो व्ही-६ टुंड्राचे ते १९ झाले (टर्बो म्हणजे धुराच्या जोराने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा; इथे असे दोन आहेत). वर्षाला २८२ गॅलनची ही बचत खरोखरच मोठी आहे आणि दहा वर्षांत ती २,८०० गॅलनच्या पुढे जाते. याउलट १९ आणि २० यांच्यातला फरक वर्षाला अवघा ४० गॅलनचा असतो, आणि गाडी वर्षाला ८ हजार मैलच चालत असेल तर तो २१ गॅलनवर येतो. एखाद्या तंत्रामुळे फक्त एवढाच फरक पडत असेल, तर त्यासाठी किती धोका पत्करायचा हे मग ज्याचे त्याला दिसते.

इथे एक दुरुस्ती करायला विसरू नका. काचेवरचे आकडे रिकाम्या गाडीचे असतात. जड ट्रेलर मागे लागला की मायलेज साधारण निम्म्यावर येते, आणि लहान टर्बो इंजिनाने मोठ्या व्ही-८ वर मिळवलेली आघाडी तिथे बरीचशी विरून जाते, कारण ओझे ओढायला लागणारी ऊर्जा दोघांनाही तितक्याच इंधनातून काढावी लागते. ज्यांचे निम्म्याहून अधिक मैल ट्रेलरसह होणार आहेत, त्यांनी काचेवरच्या फरकाला फारसे महत्त्व देऊ नये.

तिसरी पायरी : इंजिनात नेमके कोणते तंत्र आहे ते ओळखा

ही पायरी सर्वांत लांब आहे, आणि बहुतेक चुकीच्या खरेद्या हिच्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

सिलिंडर बंद ठेवण्याच्या तंत्रापासून सुरुवात करू. सपाट रस्त्यावर सावकाश जाताना व्ही-८ ला आठही सिलिंडरांची गरज नसते, म्हणून त्यांपैकी काही तात्पुरते बंद केले जातात. जनरल मोटर्सच्या २००७ नंतरच्या पिकअपमध्ये आठांतले चार सिलिंडर बंद होत. २०१९ पासून आलेल्या नव्या पद्धतीत इंजिन १७ वेगवेगळ्या क्रमांनी चालू शकते. हे साधले जाते लिफ्टरच्या आत. कॅमशाफ्टचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणारा हा लहानसा भाग एरवी आतल्या खिट्ट्यांनी घट्ट धरलेला असतो. तेलाचा दाब दिला की खिट्ट्या सुटतात, लिफ्टर स्वतःतच दबतो आणि व्हॉल्व्ह उघडत नाही. ही क्रिया प्रवासात असंख्य वेळा घडते. एखादी खिट्टी पुन्हा नीट बसली नाही किंवा लिफ्टरचा रोलर खराब झाला, तर तो कॅमशाफ्टही खरवडून काढतो, आणि या व्ही-८ मध्ये लिफ्टर बदलायचा तर सिलिंडर हेड उतरवावे लागते. सुटा भाग लहान असतो, पण मजुरी मोठी लागते.

हे तंत्र मालकाला किती देते, याचे उत्तर एका योगायोगाने मिळाले. २०२१ मध्ये चिपच्या टंचाईमुळे जनरल मोटर्सने ५.३ लिटर व्ही-८ चे काही पिकअप या यंत्रणेचे नियंत्रण करणारा भाग न बसवताच विकले, आणि त्यामुळे मायलेज गॅलनमागे एका मैलाने कमी होईल असे कंपनीनेच सांगितले. म्हणजे जिच्यासाठी हेड उतरवायची वेळ येऊ शकते, त्या यंत्रणेची किंमत एक मैल. वर केलेल्या हिशेबाने ती वर्षाला सुमारे ४० गॅलन होते. गाडी दीर्घकाळ ठेवणाऱ्याच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. व्ही-८ म्हणजे साधे इंजिन, ही समजूतही आता सोडून द्यावी. फोर्ड एफ-१५० च्या ५.० लिटर व्ही-८ मध्येही २०२१ पासून सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आली आहे.

टर्बोचे गणित वेगळे आहे. फोर्डने २०११ च्या एफ-१५० मध्ये ३.५ लिटर ट्विन-टर्बो इकोबूस्ट व्ही-६ आणले, त्यानंतर जवळजवळ सगळे त्या वाटेने गेले. रॅमने २०२५ च्या १५०० मधून ५.७ लिटर हेमी व्ही-८ काढून ३ लिटरचे ट्विन-टर्बो सहा सिलिंडर इंजिन दिले, आणि ग्राहकांची मागणी पाहून २०२६ साठी हेमी परत आणले. टर्बोमुळे मिळणारा फायदा टुंड्राच्या उदाहरणात दिसतो तसा भरीव असू शकतो. त्याची किंमत उष्णता आणि दाब यांच्या रूपाने मोजावी लागते. लहान इंजिनाकडून मोठे काम करून घेताना पिस्टन आणि बेअरिंगवरचा भार वाढतो, टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि तिला थंड ठेवणारे तेल लवकर निकस होते. म्हणून टर्बो इंजिन टिकत नाही असे नाही, पण ते हेळसांड सहन करत नाही.

२०२४ मध्ये टोयोटाने २०२२-२३ मधील सुमारे १ लाख २ हजार टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स गाड्या परत बोलावल्या. इंजिन घडवताना निघालेला धातूचा कीस आतच राहिला असण्याची आणि त्यामुळे मुख्य बेअरिंग निकामी होण्याची शक्यता होती. दोष कारखान्यातल्या सफाईचा होता, टर्बोच्या कल्पनेचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. टिकाऊपणासाठी नावाजलेल्या कंपनीच्याही नव्या इंजिनाच्या पहिल्या वर्षांत असे घडू शकते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारण्याची पद्धत आता बऱ्याच इंजिनांत आहे. पूर्वी पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे फवारले जाई आणि त्याने व्हॉल्व्ह धुऊन निघत. आता ते थेट आत जात असल्यामुळे व्हॉल्व्हवर काजळी साठते आणि बरेच मैल चालल्यावर ती अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून काढावी लागू शकते. फोर्डने ३.५ लिटर इकोबूस्टमध्ये २०१७ पासून दोन्ही प्रकारचे इंजेक्टर दिले आणि हा प्रश्न बराचसा सोडवला. जुनी गाडी पाहताना अशी दुहेरी पद्धत आहे का, हे आवर्जून विचारावे.

मग येते पातळ तेल. ०डब्ल्यू-२० सारखे पातळ तेल घर्षण कमी करते आणि मायलेजमध्ये थोडी भर घालते, पण बेअरिंगमधला तेलाचा थरही पातळ राहतो. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने २०२१ ते २०२४ मधील ६.२ लिटर व्ही-८ च्या जवळपास ६ लाख गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या. कारण होते क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड यांच्या निर्मितीतले दोष. तपासणीत सदोष ठरलेली इंजिने दुरुस्त करायची किंवा बदलायची आणि उत्तीर्ण झालेल्या गाड्यांत ०डब्ल्यू-२० ऐवजी जाड ०डब्ल्यू-४० तेल भरायचे, असा उपाय कंपनीने ठरवला. पातळ तेल हे मूळ कारण म्हणून सांगितले गेले नव्हते, तरीही इंजिन वाचवायची वेळ आल्यावर हात जाड तेलाकडेच गेला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

डिझेलबद्दल नवख्यांच्या मनात एक जुनी प्रतिमा असते, की मायलेजही चांगले आणि इंजिनही अमर. इंजिनाचा मूळ गाभा आजही भक्कम असतो, पण त्याभोवती धूर परत फिरवणारा व्हॉल्व्ह, काजळीचा फिल्टर आणि युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा आली आहे. काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी त्याला बराच वेळ चांगली उष्णता मिळावी लागते. छोट्या फेऱ्यांत ती मिळत नाही आणि फिल्टर तुंबतो. जनरल मोटर्सच्या पहिल्या पिढीतील ३ लिटर ड्युरामॅक्समध्ये तेलाच्या पंपाचा पट्टा इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे, आणि तो १ लाख ५० हजार मैलांवर बदलताना गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हा बिघाड नाही, नियमित देखभालीचाच भाग आहे, पण जुनी गाडी घेणाऱ्याने तो खर्च किमतीत धरलाच पाहिजे. लांब पल्ल्याचा आणि ओझ्याचा वापर असेल तरच डिझेल घ्यावे.

हायब्रिड हे या सगळ्यात वेगळे प्रकरण आहे. २०२२ च्या मॉडेलपासून आलेल्या फोर्ड मॅव्हरिक हायब्रिडला टर्बो नाही, आणि तिच्या गिअरबॉक्समध्ये नेहमीच्या ऑटोमॅटिकसारखे क्लचचे अनेक संच नाहीत. तरीही टू-व्हील-ड्राइव्ह रूपात तिचे एकत्रित मायलेज ३७ होते. मायलेज आणि साधेपणा एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा आहे. तिच्याही सुरुवातीच्या इंजिनांबाबत आगीच्या धोक्यामुळे २०२२ मध्ये रिकॉल, म्हणजे गाड्या परत बोलावण्याचा आदेश, निघाला होता, आणि ती लहान गाडी असल्याने जड ट्रेलर तिच्या आवाक्यातला नाही.

दुसरे टोक हेवी-ड्यूटी पिकअपचे. ८,५०० पौंडांहून अधिक एकूण वजनक्षमतेच्या पिकअपना मायलेजचे ते लेबल लावावेच लागत नाही. तिथे फोर्डचे ७.३ लिटर आणि जनरल मोटर्सचे ६.६ लिटर पेट्रोल व्ही-८ पाहा: दोघांचेही ब्लॉक बिडाचे, दोघांनाही टर्बो नाही आणि सिलिंडर बंद ठेवण्याची यंत्रणाही नाही. दिवसभर ओझे ओढणाऱ्या गिऱ्हाईकासाठी इंजिन बनवताना कंपन्या स्वतः काय निवडतात, ते यातून कळते.

चौथी पायरी : गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल

फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी मिळून विकसित केलेला दहा गिअरांचा ऑटोमॅटिक २०१७ पासून एफ-१५० मध्ये आहे. गिअर जास्त म्हणजे इंजिन कमी फेऱ्यांवर राहते आणि इंधन वाचते, पण आतले क्लच आणि व्हॉल्व्ह अधिक काम करतात. चालवून पाहताना शहरी वेगात, तिसऱ्या ते पाचव्या गिअरच्या आसपास झटके बसतात का, याकडे लक्ष द्यावे. अ‍ॅक्सल रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणारी दांडी किती फेरे घेते तो आकडा) निवडताना नियमित ट्रेलर असेल तर मोठा आकडा घ्या. मायलेज थोडे घटेल, गिअरबॉक्स मात्र कमी तापेल.

पाचवी पायरी : कोणत्या वर्षाची गाडी, ते ठरवा

नव्या इंजिनाचे किंवा नव्या गिअरबॉक्सचे पहिले वर्ष टाळावे, आणि शक्य असल्यास दुसरेही. त्याच इंजिनाची तिसऱ्या-चौथ्या वर्षातली आवृत्ती बहुधा सुधारलेली असते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर गाडीचा १७ अंकी-अक्षरी ओळख क्रमांक टाकला की राहिलेले रिकॉल विनामूल्य दिसतात, आणि तिथेच मालकांच्या तक्रारी व कंपनीने मेकॅनिकांना पाठवलेली पत्रकेही वाचता येतात. पत्रके आवर्जून वाचा, कारण रिकॉलपर्यंत न पोहोचलेले पण वारंवार येणारे बिघाड तिथे आधी नोंदले जातात.

सहावी पायरी : जुनी गाडी थंड असताना पाहा

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करा आणि बॉनेट उघडे ठेवून इंजिन सुरू करायला सांगा. पहिल्या पाच-दहा सेकंदांत इंजिन जे सांगते ते नंतर सांगत नाही. २०१७ ते २०२० च्या ३.५ लिटर इकोबूस्टमध्ये दोन-तीन सेकंदांचा खडखडाट ऐकू आला तर कॅम फेझर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारे भाग, झिजलेले असण्याची शक्यता मोठी. व्ही-८ मध्ये एकाच बाजूने येणारी, इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढणारी आणि तापल्यावरही न जाणारी टकटक लिफ्टरकडे बोट दाखवते. मग तेलाची पट्टी काढून पाहा: तेल कमाल खुणेच्या वर असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर ती गाडी छोट्या, थंड फेऱ्यांवर चाललेली आहे आणि न जळलेले इंधन तेलात उतरले आहे.

त्यानंतर इंजिन किती तास चालले ते पाहा. बऱ्याच पिकअपमध्ये हा आकडा समोरच्या पडद्यावर मिळतो. ६० हजार मैलांसाठी १,५०० तास म्हणजे सरासरी ताशी ४० मैल, हे चांगले लक्षण आहे. तेवढ्याच मैलांसाठी ३,००० तास झाले असतील तर सरासरी २० वर येते, म्हणजे गाडी बराच काळ जागेवर उभी राहून चालली आहे आणि ओडोमीटर दाखवतो त्यापेक्षा इंजिन कितीतरी अधिक झिजले आहे.

सातवी पायरी : घेतल्यानंतरचा सांभाळ

टर्बो किंवा थेट फवाऱ्याच्या इंजिनाचे तेल पडद्यावरची सूचना येईपर्यंत थांबून बदलू नका. ५ हजार मैलांवर बदला. तेलाच्या डब्यावर एपीआय एसपी किंवा त्यानंतरचा दर्जा लिहिलेला असावा, कारण कमी फेऱ्यांवर टर्बो इंजिनात होणाऱ्या अवेळी स्फोटांपासून पिस्टनचे रक्षण करण्याची चाचणी या दर्जात आहे. जाडी मात्र वॉरंटी असेपर्यंत पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. बऱ्याच पुस्तिकांत जड ओझ्यासाठी जाड तेलाची मुभा दिलेली असते, ते पान शोधून वाचा. गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर टिकते या म्हणण्यावर विसंबू नका. ट्रेलर ओढणाऱ्याने ते ५० ते ६० हजार मैलांवर बदलावे. चढावर जड ओझे ओढून आल्यावर टर्बो इंजिन लगेच बंद न करता दोन मिनिटे तसेच चालू द्या.

इंजिनाला हात न लावता मिळणारे मायलेज याच टप्प्यावर कमवायचे असते. ताशी ५० मैलांच्या पुढे हवेचा अडथळा झपाट्याने वाढतो, म्हणून महामार्गावर ताशी ७५ ऐवजी ६५ मैलांनी जाणाऱ्याचे मायलेज एका मैलाहून सहज जास्त सुधारते, म्हणजे सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा जे देते त्यापेक्षा अधिक. गाडी उंच करून जाड नक्षीचे मोठे टायर बसवले तर तेवढेच, किंबहुना त्याहून जास्त, गमावले जाते. मागच्या हौद्यात कायम पडून राहिलेले सामान काढून टाका आणि टायरमधली हवा महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासा.

प्रत्येक तेलबदलाची पावती तारीख आणि मैलांसह जपून ठेवा. अमेरिकेतील १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार सर्व्हिसिंग बाहेरच्या गॅरेजमध्ये किंवा स्वतः केले, एवढ्याच कारणाने कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. मात्र इंजिनाचा दावा करायची वेळ आली की सर्वांत आधी या पावत्याच मागितल्या जातात, म्हणून स्वतः तेल बदलणाऱ्यांनी तेलाची आणि फिल्टरची बिलेही त्याच फाइलमध्ये लावावीत.